उत्तर न देणारा मिरर : लिनक्स सर्व्हरवरील पॅकेज-अपडेटचा पूर्वेतिहास

वेब-होस्टिंगच्या व्यवसायात, म्हणजे एकाच यंत्रावर अनेक संकेतस्थळांना भाड्याने जागा देण्याच्या व्यवसायात, लिनक्स सर्व्हरची देखभाल करणाऱ्या व्यवस्थापकाला जे त्रुटिसंदेश वाचावे लागतात त्यांत सर्वांत कमी माहिती देणारा संदेश टाइमआउटचा होय. फाइल सापडली नाही, परवानगी नाकारली गेली, डिस्कवर जागा उरली नाही, असे इतर संदेश निदान काय बिघडले ते तरी सांगतात. टाइमआउट मात्र इतकेच कळवतो की ठरलेल्या मुदतीपर्यंत वाट पाहिली आणि उत्तर आले नाही. उत्तर कोणी द्यायचे होते, विचारणा त्याच्यापर्यंत पोहोचली होती की नाही, आणि पोहोचली असेल तर उत्तर वाटेत कुठे अडले, यांपैकी कशाचाही उलगडा त्यात नसतो. सर्व्हरवरील पॅकेज अपडेट करताना असा संदेश आला की व्यवस्थापक सहसा आपल्याच यंत्रात दोष शोधू लागतो. परंतु त्या संदेशामागे तीन दशकांहून अधिक काळ थरावर थर चढत घडलेली एक वितरणव्यवस्था उभी असते आणि दोष तिच्या कोणत्याही थरात असू शकतो. तो कोणत्या थरात आहे हे शोधण्याची रीत समजून घ्यायची, तर ते थर कोणत्या क्रमाने आणि कोणत्या गरजेपोटी चढले हे पाहणे आवश्यक ठरते.

प्रथम काही संज्ञा स्पष्ट केल्या पाहिजेत. पॅकेज म्हणजे एखादा प्रोग्राम, त्याला लागणाऱ्या फाइली, तो कुठे बसवायचा याच्या सूचना आणि तो इतर कोणत्या पॅकेजांवर अवलंबून आहे याची नोंद, हे सर्व एकत्र बांधलेली एकच फाइल. अशी हजारो पॅकेजे आणि त्यांची सूची जिथे ठेवलेली असते ते रिपॉझिटरी, म्हणजे भांडार. आणि त्या भांडाराची हुबेहूब प्रत जगातील दुसऱ्या कुठल्या तरी सर्व्हरवर ठेवलेली असेल तर तो मिरर. व्यवस्थापकाने अपडेटची आज्ञा दिली की पॅकेज-व्यवस्थापक नावाचा प्रोग्राम आधी मिररचे नाव अंकी पत्त्यात बदलून घेतो, मग त्या पत्त्याशी जोडणी करतो, सूची उतरवतो, आपल्या यंत्रावरील आवृत्त्या तिच्याशी ताडून पाहतो आणि नवी पॅकेजे मागवतो. यांतील प्रत्येक पायरीवर वाट पाहण्याची वेगळी मुदत असते आणि ती मुदत ठरवणारे लोकही वेगवेगळे होते.

या व्यवस्थेचा सर्वांत जुना थर लिनक्सपेक्षा वीस वर्षांनी ज्येष्ठ आहे. आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीतून बाहेर पडून अमेरिकेतील एमआयटीत गेलेल्या अभय भूषण यांनी एप्रिल १९७१ मध्ये एफटीपी या फाइल-हस्तांतरण नियमावलीचा पहिला मसुदा मांडला. पुढे १९८५ मध्ये तिला जे स्थिर रूप मिळाले त्यात एक गोष्ट कायम राहिली : आज्ञा एका जोडणीवरून जातात आणि फाइल दुसऱ्या, स्वतंत्र जोडणीवरून येते, आणि मूळ रीतीत ही दुसरी जोडणी सर्व्हर स्वतः ग्राहकाकडे उघडतो. परस्परांना ओळखणाऱ्या मोजक्या विद्यापीठांच्या जाळ्यात ही रचना अगदी स्वाभाविक होती. हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये आपल्या नव्या कर्नलचा, म्हणजे संगणकप्रणालीच्या गाभ्याचा, पहिला मसुदा लोकांसाठी खुला केला तेव्हा तो याच मार्गाने गेला. फिनलंडच्या विद्यापीठीय जाळ्यातील फुनेट या एफटीपी सर्व्हरवर अ‍ॅरी लेम्के यांनी त्यासाठी जागा करून दिली आणि त्या कप्प्याला लिनक्स हे नावही त्यांनीच दिले. थोड्याच काळात एमआयटीतील थिओडोर त्सो यांनी उत्तर अमेरिकेत त्याची प्रत ठेवली, आणि १९९२ मध्ये सुरू झालेले नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाचे सनसाइट हे भांडारही लिनक्सच्या फाइलींचे मोठे ठाणे बनले.

मिररची प्रथा अशी, कोणत्याही कराराशिवाय, विद्यापीठांच्या सौजन्यातून रुजली. अटलांटिकपलीकडच्या दूरध्वनी-तारा महाग होत्या. तीच फाइल शेकडो लोकांनी समुद्रापलीकडून उतरवण्यापेक्षा ती एकदा आणून जवळच्या विद्यापीठात ठेवणे सर्वांच्याच सोयीचे होते. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी व्हीएसएनएलमार्फत खुले झाले तरी ते दूरध्वनीच्या तारेवरून चालणारे आणि मंद होते. त्यामुळे येथील पहिल्या पिढीच्या हाती लिनक्स बव्हंशी संगणक-मासिकांबरोबर मिळणाऱ्या सीडींमधून आले, आणि पवईच्या आयआयटीसारख्या संस्थांनी चालवलेले मिरर हा देशांतर्गत आधार पुढे तयार झाला. मिरर मूळ भांडाराशी जुळते ठेवण्याचे काम सुरुवातीला फारच कष्टाचे होते. १९९६ मध्ये ऑस्ट्रेलियातील अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी आरसिंक हा प्रोग्राम प्रसिद्ध केला, आणि दोन प्रतींमधील फरक तेवढाच तारेवरून पाठवण्याची त्याची युक्ती मिररचालकांनी झपाट्याने स्वीकारली. तरीही मिरर हा मूळ भांडाराच्या मागे काही तास, कधी काही दिवस राहणारच, हे गृहीत त्या काळापासून व्यवस्थेत बसले आहे. सौजन्याने चालणाऱ्या या प्रथेत मिररचालकावर कोणतेही बंधन नव्हते. एखाद्या विद्यापीठाने यंत्र बंद केले तर ते कोणाला कळवणे त्याला भाग नव्हते. अपडेट-टाइमआउटच्या अनेक प्रकरणांचे मूळ या जुन्या, उदार आणि अनौपचारिक रचनेत आहे.

पॅकेज हा प्रकार या प्रथेनंतर दोन-तीन वर्षांनी आला. पीटर मॅकडॉनल्ड यांचे एसएलएस हे १९९२ मधील वितरण, त्यावरून १९९३ मध्ये पॅट्रिक व्होल्कर्डिंग यांनी घडवलेले स्लॅकवेअर, ही फ्लॉपींच्या संचातून बसवली जाणारी होती आणि त्यांत एका प्रोग्रामचे दुसऱ्यावरील अवलंबित्व वापरणाऱ्याने स्वतःच लक्षात ठेवायचे असे. ऑगस्ट १९९३ मध्ये इयान मर्डॉक यांनी जाहीर केलेल्या डेबियन प्रकल्पाने डीपीकेजी आणि १९९५ मध्ये रेड हॅट या कंपनीच्या मार्क युइंग आणि एरिक ट्रोन यांनी आरपीएम हे पॅकेज-व्यवस्थापक घडवले तेव्हा अवलंबित्वाची नोंद पॅकेजमध्येच येऊ लागली. परंतु तीत मागितलेले दुसरे पॅकेज शोधून आणण्याचे काम माणसाकडेच राहिले. एक पॅकेज बसवायला गेले की ते दुसरे मागे, दुसरे तिसरे मागे, आणि व्यवस्थापक एफटीपी सर्व्हरच्या कप्प्यांमधून त्यांचा माग काढत बसे. डेबियनने मार्च १९९९ मधील २.१ या आवृत्तीत एपीटी हे साधन आणून हा शोध यंत्राकडे सोपवला, आणि त्याबरोबर एक नवी परिस्थिती निर्माण झाली. आतापर्यंत मिरर उत्तर देत नसेल तर ते समोर बसलेल्या माणसाला तत्काळ कळे आणि तो दुसऱ्या सर्व्हरकडे वळे. आता वाट कोणाची आणि किती पाहायची, कधी सोडून द्यायचे आणि मग कोणाकडे वळायचे, हे प्रोग्रामने ठरवायचे होते. पॅकेज-अपडेटच्या संदर्भात टाइमआउट हा प्रश्न खऱ्या अर्थाने या क्षणी जन्माला आला.

रेड हॅटच्या परंपरेत हाच टप्पा यम या साधनाने गाठला, आणि होस्टिंगच्या व्यवसायाच्या दृष्टीने तो अधिक महत्त्वाचा आहे, कारण त्या व्यवसायातील बहुसंख्य नियंत्रण-पॅनेले दीर्घकाळ रेड हॅट कुळातील प्रणालींवरच चालली. ॲपलच्या पॉवरपीसी संगणकांसाठी असलेल्या यलो डॉग लिनक्सकडे यप नावाचे अपडेट-साधन होते. ड्यूक विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागातील सेथ विडाल आणि मायकेल स्टेनर यांनी, विभागातील अनेक यंत्रे एकाच हाताने अद्ययावत ठेवण्याच्या गरजेतून, त्याचे सुमारे २००२ पासून नव्याने लेखन केले, आणि यम हे नाव मूळ साधनाचे ऋण मान्य करते : यलो डॉग अपडेटर, मॉडिफाइड. विडाल यांची दृष्टी प्रत्यक्ष यंत्रे सांभाळणाऱ्या माणसाची होती. मिररवर खास सॉफ्टवेअर असण्याची गरजच राहू नये, साध्या वेब-सर्व्हरवर ठेवलेल्या फाइली पुरेशा व्हाव्यात, या त्यांच्या निर्णयामुळे कोणतेही विद्यापीठ वा होस्टिंग कंपनी विनासायास मिरर चालवू शकली. सुरुवातीच्या आवृत्त्यांत प्रत्येक पॅकेजचा मथळा ही वेगळी छोटी फाइल असे आणि पहिल्याच वेळी अशा शेकडो फाइली एकामागून एक उतरवाव्या लागत; पुढे सर्व पॅकेजांची माहिती मोजक्या संकुचित फाइलींत एकत्र आली आणि तेवढ्या शेकडो ठिकाणी अडखळण्याची शक्यता टळली. २००७ मध्ये रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्सच्या पाचव्या आवृत्तीने यम अधिकृतपणे स्वीकारले. २०१३ मध्ये विडाल यांचे सायकलवरून जाताना झालेल्या अपघातात निधन झाले, आणि त्यांच्या साधनाची पुढची पिढी असलेले डीएनएफ २०१५ पासून फेडोरा या वितरणात आणि २०१९ पासून रेड हॅटच्या आठव्या आवृत्तीत रूढ झाले.

यमच्या मांडणीफाइलीत दोन आकडे असत : प्रतीक्षेची मुदत ३० सेकंद आणि पुन्हा प्रयत्न करण्याची संख्या १०. या ३० सेकंदांत नेमके काय घडते हे जवळून पाहण्यासारखे आहे. जोडणीची सुरुवात करताना कर्नल मिररकडे एक लहानसा प्रारंभिक संदेश पाठवतो; उत्तर न आल्यास तो एका सेकंदाने पुन्हा पाठवतो, मग दोन, चार, आठ असे अंतर दर वेळी दुप्पट करत जातो. जाळ्यात गर्दी असताना सर्वांनी एकदमच पुन्हा पाठवत राहिले तर गर्दी अधिकच वाढते, हा धडा १९८६ मध्ये बर्कलीतील जाळे कोलमडले तेव्हा मिळाला होता, आणि व्हॅन जेकबसन यांनी १९८८ मध्ये मांडलेल्या उपायांमुळे अशी संयमी पुनरावृत्ती इंटरनेटची शिस्त बनली. लिनक्सच्या कर्नलने स्वतःहून माघार घेण्यास या हिशेबाने सुमारे १२७ सेकंद लागतात. यम मात्र ३० सेकंदांवरच थांबते, म्हणजे तेवढ्या वेळात त्याच्या वतीने प्रारंभिक संदेश पाच वेळा गेलेला असतो. पहिले अंतर पूर्वी तीन सेकंदांचे होते. २०११ मध्ये ते एक सेकंदावर आणले गेले, तोवर याच ३० सेकंदांत चारच प्रयत्न बसत. मिररच्या यादीतील पाच-सहा नावे मुकी असतील तर आज्ञा देणाऱ्यासमोर पडदा काही मिनिटे निश्चल राहतो तो यामुळेच.

या साधनाचे टाइमआउटचे संदेशही एकसारखे नसतात आणि त्यांतील फरक निदानाच्या दृष्टीने मोलाचा आहे. ‘३०,००१ मिलिसेकंदांनंतर जोडणीची मुदत संपली’ अशा आशयाचा संदेश आला तर मिररशी संबंध जुळलाच नाही, म्हणजे पत्ता, मार्ग वा फायरवॉल यांपैकी कुठे तरी अडथळा आहे. ‘गेल्या ३० सेकंदांत दर सेकंदाला १,००० बाइटांपेक्षा कमी माहिती आली’ असा संदेश आला तर संबंध जुळला आहे, फाइल येऊही लागली आहे, पण ओघ आटला आहे. दोन्ही संदेशांवर २८ हाच त्रुटिक्रमांक असतो, कारण फाइल उतरवण्याचे काम करणारे कर्ल ही प्रोग्राम-लायब्ररी दोहोंना मुदतभंगाच्याच सदरात घालते. अनेक व्यवस्थापक केवळ क्रमांक पाहून मुदत ३० वरून ३०० करतात. पहिल्या प्रकारात त्याचा काहीही उपयोग होत नाही, फक्त अपयश उशिरा कळते.

व्यवस्था अशी हळूहळू बोलकी होत असतानाच तिला मुकी करणारा एक प्रवाहही वाढत होता, तो फायरवॉलचा. नको असलेल्या जोडणीला फायरवॉल दोन प्रकारे वागवू शकते : नकार कळवणे किंवा संदेश गुपचूप टाकून देणे. पहिल्या रीतीत पत्र नकाराचा शिक्का मारून पाठवणाऱ्याकडे परत येते, दुसरीत ते गहाळ होते. हल्लेखोराला यंत्राच्या अस्तित्वाचाही सुगावा लागू नये या विचाराने दुसरी रीत लोकप्रिय झाली. तिची किंमत मात्र प्रामाणिक व्यवस्थापकाला मोजावी लागते, कारण क्षणात कळणारा नकार तिच्यामुळे मुदतीच्या शेवटपर्यंत चालणारे मौन बनतो. एफटीपीची सर्व्हरकडून उलट येणारी दुसरी जोडणी फायरवॉलच्या युगात बसेनाशी झाली. दोन्ही जोडण्या ग्राहकानेच उघडण्याची पर्यायी रीत वापरावी, अशी शिफारस स्टीव्हन बेलोविन यांनी फेब्रुवारी १९९४ मध्येच केली होती, पण होस्टिंग सर्व्हरवर बाहेर जाणाऱ्या जोडण्यांनाही मोजकीच द्वारे मोकळी ठेवण्याचा प्रघात पडल्यावर तीही अडू लागली. आज्ञांची जोडणी लागते, कप्प्याची यादी मागितली की सारे स्तब्ध होते, हे त्या काळच्या व्यवस्थापकांच्या पूर्ण परिचयाचे लक्षण होते. डेबियनने १ नोव्हेंबर २०१७ पासून आपली सार्वजनिक एफटीपी सेवा बंद केली, त्या वेळी दिलेल्या कारणांत ही नियमावली फायरवॉल आणि भार-विभाजन यांच्याशी जुळवून घ्यायला अवघड आहे हेही होते. अभय भूषण यांच्या मसुद्यानंतर सेहेचाळीस वर्षांनी लिनक्सच्या एका प्रमुख वितरणाने त्या मार्गाचा निरोप घेतला.

फायरवॉलच्या मौनाचा आणखी एक सूक्ष्म प्रकार आहे, आणि निदान करणाऱ्याची सर्वाधिक दिशाभूल तोच करतो. इथरनेटवर एका वेळी जाणाऱ्या संदेशतुकड्याची कमाल मर्यादा १,५०० बाइट असते. मार्गात बोगद्यासारखी एखादी आवृत जोडणी असेल तर ती मर्यादा त्याहून कमी होते. मोठा तुकडा तिथे पोहोचला की तेथील मार्गदर्शक यंत्राने तो आकाराने मोठा आहे असे कळवायचे आणि पाठवणाऱ्याने तुकडे लहान करायचे, अशी योजना नोव्हेंबर १९९० मध्ये ठरली. परंतु हा कळवण्याचा संदेश आयसीएमपी या वर्गात मोडतो, आणि धोका टाळण्याच्या नादात त्या वर्गातील हे संदेशही अडवणाऱ्या फायरवॉली पुढे पसरल्या. परिणाम असा की जोडणी लगेच लागते, लहान विनंती जाते, तिला लहान उत्तरही मिळते. मात्र सूचीची मोठी फाइल येऊ लागताच सारे गोठते. पिंग ही पोहोच-चाचणी व्यवस्थित, नावाचा पत्ता व्यवस्थित, मिररही जिवंत, तरी अपडेट ३० सेकंदांनी कोसळते. अशा वेळी तुकडे न करण्याची अट घालून १,४७२ बाइटांचा पिंग पाठवून पाहतात. तेवढ्या आकारात २८ बाइटांचे मथळे मिळवले की बरोबर १,५०० होतात. तो परत आला नाही आणि लहान आकाराचा आला, तर दोष मार्गात आहे हे सिद्ध होते.

आयपी पत्त्यांच्या सहाव्या आवृत्तीने या मौनात भर घातली. ६ जून २०१२ रोजी मोठ्या संकेतस्थळांनी ती कायमस्वरूपी सुरू केली आणि मिररही तिच्यावर येऊ लागले. एकाच नावाला जुना व नवा असे दोन पत्ते असतील तर लिनक्स सहसा नवा आधी वापरून पाहतो. पण ज्या होस्टिंग सर्व्हरला नवा पत्ता नावापुरताच दिलेला असे आणि त्यामागे बाहेर जाणारा मार्गच नसे, तेथे एपीटी वापरणाऱ्या उबंटूचे अपडेट शून्य टक्क्यांवर, लांबलचक षोडशमान पत्त्याशी जोडणी करत असल्याचे दाखवत, खिळून राही. दोन्ही पत्त्यांवर थोड्या अंतराने प्रयत्न करावा आणि जो आधी उत्तर देईल तो घ्यावा, ही पद्धत एप्रिल २०१२ मध्ये मांडली गेली होती. ब्राउझरांनी ती लवकर उचलली, पॅकेज-व्यवस्थापकांकडे ती सावकाश आली. तोवर एपीटीला जुन्याच आवृत्तीवर बांधून ठेवणारा पर्याय हाच व्यवस्थापकांचा आधार होता. दोन्ही आवृत्त्यांनी स्वतंत्रपणे जोडणी करून पाहणे ही चाचणी तेव्हापासून निदानाच्या क्रमात कायमची बसली, आणि ती नावाच्या उलगड्यानंतर लगेच करावी हेच योग्य आहे, कारण तिला काही सेकंदच लागतात.

मिरर कोणता निवडायचा हा प्रश्न या सर्वांच्या बरोबरीने सोडवला जात होता. यमला फास्टेस्टमिरर नावाची जोड मिळाली. ती यादीतील प्रत्येक मिररशी जोडणी करायला किती वेळ लागतो ते मोजून निकाल एका फाइलीत दहा दिवस जपून ठेवते. तिची मर्यादा अशी की ती जोडणीचा वेळ मोजते, फाइल उतरण्याचा वेग नव्हे. म्हणून झटकन हाक देणारा पण अरुंद तारेवरचा मिरर पहिल्या क्रमांकावर येऊ शकतो, आणि मोजणीनंतर मुका झालेला मिररही जुन्या नोंदीमुळे काही काळ अग्रस्थानी राहतो. फेडोराने २००७ मध्ये मॅट डॉम्श यांच्या मिररमॅनेजरच्या रूपाने अधिक मूलगामी उपाय केला : सर्व मिररांची वेळोवेळी तपासणी करून जे मागे पडले वा बंद पडले ते यादीतूनच वगळायचे आणि विचारणाऱ्याला त्याच्या जवळच्या, ताज्या मिररांची नावे द्यायची. सौजन्यावर चालणाऱ्या प्रथेला प्रथमच पाहणी करणारा कोणी मिळाला. रेड हॅट कुळातील सेंटओएस या वितरणाकडेही मिररलिस्ट या नावाने अशीच यादी देणारा सर्व्हर होता, आणि लक्षावधी यंत्रांच्या मांडणीफाइलींत मिररच्या पत्त्याऐवजी त्या एका सर्व्हरचे नाव कोरले गेले.

अनोळखी मिररवर विश्वास कसा ठेवायचा याचे उत्तर डिजिटल स्वाक्षरीत सापडले होते. पॅकेज कोठूनही आले तरी त्यावरील प्रकल्पाची स्वाक्षरी पडताळता येते. परंतु २००८ मध्ये ॲरिझोना विद्यापीठातील संशोधकांनी दाखवून दिले की एवढ्याने भागत नाही. त्यांनी भाड्याच्या सर्व्हरवर, काल्पनिक नावाने, पाच प्रमुख वितरणांचे अधिकृत मिरर मिळवले आणि स्पष्ट केले की दुष्ट हेतूच्या मिररने जुनी, पण अस्सल स्वाक्षरीची सूचीच देत राहायचे ठरवले तर ग्राहकाला नवे काही आलेच नाही असे वाटत राहील आणि सुरक्षादोष तसेच उघडे राहतील. सूचीवर कालमर्यादा घालण्याचा उपाय त्यावर पुढे रूढ झाला. या संशोधनाचे महत्त्व टाइमआउटच्या संदर्भात असे की मौनापेक्षा धोकादायक अवस्था त्याने ओळखून दाखवली : मिरर तत्परतेने उत्तर देतो, कोणताही त्रुटिसंदेश येत नाही, आणि तरीही सर्व्हर मागेच राहतो.

सेंटओएसच्या अखेरीत या दोन्ही अवस्था एकामागून एक आल्या. रेड हॅटच्या सशुल्क प्रणालीची विनामूल्य पुनर्बांधणी म्हणून २००४ पासून चाललेले हे वितरण सीपॅनेलसारख्या पॅनेलांमुळे होस्टिंगच्या व्यवसायाचा पायाच बनले होते. ८ डिसेंबर २०२० रोजी प्रकल्पाने जाहीर केले की आठव्या आवृत्तीचा आधार २०२९ ऐवजी २०२१ च्या अखेरीसच संपेल. होस्टिंग जगतात त्याने खळबळ उडाली. क्लाउडलिनक्स कंपनीच्या पुढाकाराने अल्मालिनक्स आणि सेंटओएसच्या संस्थापकांपैकी ग्रेगरी कर्ट्झर यांच्या पुढाकाराने रॉकी लिनक्स ही पर्यायी वितरणे २०२१ च्या पहिल्या सहामाहीतच आली. आठव्या आवृत्तीची पॅकेजे मिररवरून काढली गेल्यावर अपडेट करणाऱ्याला यादीत एकही पत्ता नाही असा संदेश मिळे. तो अपुरा असला तरी कोणीतरी दिलेले उत्तर होते. २०१४ मध्ये आलेल्या सातव्या आवृत्तीचा आधार ३० जून २०२४ रोजी संपला तेव्हा मात्र मिररलिस्ट सर्व्हरचे नावच नाहीसे झाले, आणि यम एवढेच सांगू लागले की या नावाचा पत्ता सापडत नाही, अज्ञात त्रुटी. जगभरातील व्यवस्थापकांनी आपले डीएनएस तपासले, नाव सोडवणारे सर्व्हर बदलले, फायरवॉली उघडून पाहिल्या. नाव सोडवणाऱ्या सर्व्हरांपैकी पहिला मुका असल्यास प्रत्येक विचारणेमागे पाच सेकंदांची वाट पाहावी लागते, त्यामुळे काहींच्या पडद्यावर हा प्रकार टाइमआउटच्याच वेषात आला. दोष त्यांच्या यंत्रात नव्हता. दहा वर्षांपूर्वी मांडणीफाइलीत लिहिलेली एक ओळ आता कोणाचाच निर्देश करत नव्हती.

यावर जो तोडगा सर्वत्र वापरला गेला तो असा : मिररलिस्टची ओळ निष्क्रिय करायची, तिच्याखालची मूळ पत्त्याची ओळ सक्रिय करायची आणि तीत व्हॉल्ट या नावाच्या संग्रहस्थळाचा, ७.९.२००९ या शेवटच्या आवृत्तीपर्यंत जाणारा पत्ता लिहायचा. हे संग्रहस्थळ सर्वसाधारण मिररांवर ठेवलेले नसते, त्यामुळे तेथून फाइली उतरवताना गर्दीच्या वेळी ओघ आटल्याचा संदेश पुन्हा दिसू शकतो. तेथे मुदत वाढवणे आणि समांतर उतरवणीची संख्या कमी करणे उपयोगी पडते. एखादे राहून गेलेले पॅकेज बसवण्यासाठी, किंवा सर्व्हर अल्मालिनक्स अथवा रॉकी लिनक्सवर हलवण्याच्या तयारीसाठी, हा मार्ग पूर्णपणे समर्थनीय आहे.

कायमचा मार्ग म्हणून तो असमर्थनीय आहे. व्हॉल्टमधील सातव्या आवृत्तीच्या भांडारात ३० जून २०२४ नंतरची एकही सुरक्षा-दुरुस्ती नाही आणि यापुढेही येणार नाही. तेथून अपडेट करणाऱ्या सर्व्हरला कोणताही टाइमआउट न येता, कोणतेही नवे पॅकेज उपलब्ध नाही असेच उत्तर दर वेळी मिळत राहील, आणि त्या यंत्रावर भाड्याने राहणाऱ्या संकेतस्थळांच्या मालकांना त्या उत्तराचा अर्थ सांगण्याची जबाबदारी सर्व्हरच्या व्यवस्थापकाची आहे.